डाव्या बाजूचा आवाज

आमचं घर आणि तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. पत्र्याच्या अलीकडं आईची चूल आणि पलीकडं तात्यांचं पान्यांचं फळकूट. त्यामुळं लहानपणापासून मी जे काही ऐकलं ते दोन्हीकडचं मिसळूनच ऐकलं. इकडं भाकरी थापल्याचा आवाज, तिकडं कुणाची तरी फटफटी किक मारूनही चालू होत नाही म्हणून चाललेली धडपड, आणि या दोन्हींच्या वरून ओतूरच्या स्टँडवरचा एसटीचा भोंगा. आई भाकरी परतता परतता म्हणायची, "आता व्हईल बघ चालू." आणि ती व्हायची. इतक्या वर्षांत तिनं एका गाडीला हात लावला नव्हता, पण कितव्या किकला कुठली गाडी उठते हे तिला माहीत होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती नारायणगावला गेली होती. घरात आम्ही तिघंच. मी ओतूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी घरी आले की दप्तर टाकून पत्र्यापलीकडं जायचे. पुठ्ठ्याची गॅस्केटं कापायची, ठिणगीचे पॉइंट घासायचे, चेनी रॉकेलमध्ये धुवायच्या. आईला ते फारसं आवडायचं नाही. नखांत काळं बसतं आणि बघायला आलेल्या लोकांना ते दिसतं, असं तिचं म्हणणं. पण तिची शिवणाची कात्री मी गॅस्केटं कापून बोथट केली तेव्हासुद्धा तिनं मला गॅरेजात जायला बंदी केली नाही. दुसरी कात्री आणून ती उंच ठेवली, एवढंच.

तात्यांची ख्याती होती ती त्यांच्या कानाची. मंचरला एका ऑइल इंजिनच्या मिस्त्रीकडं ते तरुणपणी शिकले होते आणि त्या मिस्त्रीनं त्यांना म्हणे पहिले सहा महिने पान्याला हातच लावू दिला नव्हता. नुसतं शेजारी बसून ऐकायचं. त्याचा परिणाम असा की, गाडी आमच्या वळणावर यायच्या आधीच तात्या चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "इंजिनाचं टॅपेट वाजतंय." किंवा, "ह्याच्या सायलेन्सरचा नट पडलाय वाटंत." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून त्याची मूठ ते कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि मग जे सांगायचे ते उघडून बघितल्यावर तसंच निघायचं. माणसं आळेफाट्यावरून, मढवरून, अगदी घोडेगावहूनसुद्धा गाड्या घेऊन यायची, ती त्या कानासाठी. परवा माझ्या भाच्याच्या गाडीला काहीतरी झालं तर त्यानं ती एका यंत्राला जोडली आणि पडद्यावर आकडा आला. मी विचारलं, "पण आवाज कसा येत होता?" तर तो म्हणाला, "मावशी, आवाज कोण ऐकतं आता?"

ज्या हिवाळ्याबद्दल सांगायचं आहे त्या हिवाळ्यात आमच्याकडं एक गाडी सारखी येत होती. साडेतीनशे सीसीची, जुनी, जड, हिरव्या रंगाची. ती गुरांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर साताऱ्याकडचे, वयानं तिशीच्या आतले, लग्न व्हायचं होतं. ते राहायला ओतूरलाच, दवाखाना मढला, पण वरच्या गावांचीही जबाबदारी त्यांच्याकडंच आली होती कारण तिथं दुसरं कुणी टिकत नव्हतं. त्यामुळं आज मढ तर उद्या जुन्नरवरून आपटाळ्याच्या बाजूनं थेट घाटघर, असा त्यांचा फेरा असायचा. तेव्हा वरच्या गावांत फोन नव्हते. जनावर आजारी पडलं की एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी द्यायची, ती जुन्नरला उतरायची, तिथून ओतूरला यायची, आणि मग डॉक्टर निघायचे. जनावराचा जीव त्या चिठ्ठीवर आणि त्या हिरव्या गाडीवर असायचा.

पहिल्यांदा डॉक्टर आले ते गाडी ढकलत. बॅटरी उतरली होती. त्या जातीच्या गाडीत ठिणगीच बॅटरीवर पडते, बॅटरी गेली की गाडी बसते. तात्यांनी बॅटरी तपासली, पॉइंट साफ केले, डाव्या बाजूच्या कव्हरला असलेल्या छोट्या भोकातून बोट घालून आतल्या चेनीचा ताण बघितला, आणि बॅटरी चार्ज करून दिली. त्या डाव्या कव्हरबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाची ताकद तिथून एका आखूड, दणकट चेनीनं क्लचकडं जाते आणि पुढं मागच्या चाकाला. तिला आम्ही प्रायमरी चेन म्हणायचो. त्याच कव्हरच्या आत, त्याच तेलात, इंजिनाच्या दांड्यावर एक मॅग्नेट फिरतो आणि त्याच्याभोवती चार्जिंगची कॉइल बसवलेली असते. तीच बॅटरी भरते. म्हणजे गाडीला पळवणारी चेन आणि गाडीला ठिणगी देणारी वीज, दोघी एकाच डब्यात राहतात. तात्या म्हणायचे, "सासू-सून हायेत. एक हालली की दुसरीला कळतंय."

दुसऱ्यांदा डॉक्टर आले तेव्हा तात्यांनी पुन्हा त्या भोकातून बोट घालून बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "चेन वगैरे ठीक हाय. बॅटरीच म्हातारी झालीया." नवी बॅटरी घातली. मी तेव्हा त्यांच्या शेजारीच गुडघ्यावर बसले होते. गाडी हळू चालू होती आणि मला डाव्या बाजूनं एक आवाज येत होता. ठक्, मग जरा थांबून ठक्. एक्सिलरेटर दिला की तो बुडायचा, सोडला की परत यायचा. मी म्हटलं, "तात्या, हे काय वाजतंय?" ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हां." मला वाटलं, त्यांनी ऐकलंय आणि त्यात काही नाही. त्यांनी ऐकलंय यात मला शंका येणं शक्यच नव्हतं. सूर्य उगवलाय का अशी शंका कुणाला येते?

तिसऱ्यांदा ती गाडी एका टोमॅटोच्या टेम्पोत घालून आली. दिवस कलला होता. डॉक्टरांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत धूळ, चेहरा उतरलेला. त्यांनी आणि टेम्पोवाल्यानं मिळून गाडी खाली घेतली, टेम्पो गेला, आणि डॉक्टर आमच्या रांजणाशी हात धुवायला वाकले. तिथून, पाठ आमच्याकडं करूनच, ते बोलले. "तात्या, घाटघरच्या हिराबाईंची म्हैस गेली हो. अडली होती. चढावर गाडी बसली माझी. सहा-सात किलोमीटर चालत गेलो, पण मी पोचेपर्यंत म्हैस गेली होती, पोटातलं रेडकूही."

तात्या हिरव्या गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभे होते. ते हसले. चांगलं मोकळं हसले आणि म्हणाले, "बरं झालं! लई बरं झालं!"

डॉक्टर वळले. त्यांच्या कोपरापर्यंतच्या हातांवरून पाणी ओघळत होतं. ते तात्यांकडं बघतच राहिले. तात्यांचं हसू अजून तोंडावर होतं, पण डॉक्टरांचा चेहरा दिसल्यावर ते हळूहळू जायला लागलं, आणि मला त्या क्षणी कळलं. एखादं कव्हर निघावं आणि आतलं सगळं दिसावं तसं. म्हैस वाचली असं समजून ते हसले होते. तो "हां" आठवला. मागच्या महिन्यात मी रस्त्यावरून तीन हाका मारल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती, ते आठवलं. वळणावरची गाडी ओळखून त्यांनी कितीतरी दिवसांत काही सांगितलं नव्हतं. मी पुढं झाले आणि डॉक्टरांना म्हटलं, "तुमी बोललात ते तात्यांना नीट कळलं नाही. तुमी घरी जा. गाडी राहू द्या." ते टॉवेलही न घेता निघून गेले. तात्यांनी विचारलं, "काय म्हनलं गं डाक्टर?" मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "हिराबाईंची म्हैस मेली." त्यांचा हात हँडलवरून खाली आला. ते आत गेले आणि पान्यांच्या फळकुटासमोर पत्र्याकडं तोंड करून बसले.

आई त्या दिवशी मासवड्या करत होती. जुन्नरकडच्या बाईला मासवडी शिकवावी लागत नाही, पण आईचं माहेर घोडेगावचं आणि तिचा हात जरा जास्तच सुरेख होता. ओल्या फडक्यावर बेसनाचा थर थापायचा, त्यावर तीळ, खोबरं, खसखस, लसणाचं सारण पसरायचं, आणि फडक्यानंच त्याची गुंडाळी करून वरून चेपायचं की माशाचा आकार येतो. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "आई, तात्यांना ऐकू येत नाही."

तिनं फडकं चेपणं थांबवलं नाही. "तुला आत्ता कळलं व्हय?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दीड वरीस झालं आसंल. आदी मला वाटलं माझ्यावर रुसलेत." ती जरा हसली. "मंग म्या बघितलं, तोंडाफुडं जाऊन बोललं की कळतंय. म्हनून तर मी जेवताना समूर बसती. आदी कदी बसली व्हती का?"

खरंच नव्हती. इतकी वर्षं ती चुलीशी बसून वाढायची. मी रोज त्याच ताटावर बसत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी चिडले. म्हटलं, "मग सांगायचं नाही का? माणसं गाड्या घेऊन येतात. त्या बाईची म्हैस गेली."

आईचे हात थांबले. "त्यांचा कानच त्यांचं सगळं हाय गं. तो गेला म्हनल्यावर लोकं येतील का? आनि आली तरी त्ये बसतील का तिथं?" मग फडक्याकडं बघत म्हणाली, "चुकलंच माझं." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि बेसनाचा डाग तिच्या गालावर राहिला. त्या रात्रीच्या मासवडीची चव मला आठवत नाही. तात्या जेवले नाहीत एवढं आठवतं.

सकाळी मी गॅरेजात गेले तेव्हा ते आधीच हिरव्या गाडीजवळ उकिडवे बसले होते. मी समोर जाऊन बसले. आईसारखी. म्हटलं, "तात्या, डाव्या बाजूला ठक् ठक् वाजतंय. त्या दिवशीही वाजत होतं."

"मी ऐकलंय."

"नाही ऐकलंत."

त्यांनी हातातला पाना जमिनीवर आपटला. "मला शिकवतीस? तुझ्या जल्माच्या आदीपास्नं मी—" आणि मग थांबले. मी उठले नाही. रडलेही नाही, कारण रडले असते तर ते मला समजावत बसले असते आणि विषय संपला असता. बऱ्याच वेळानं त्यांनी पाना उचलला, त्याला लागलेली माती विजारीला पुसली आणि विचारलं, "कसं वाजतंय?"

मी गाडीच्या टाकीवर बोटानं वाजवून दाखवलं. ते बोटाकडं बघत राहिले. "थांबून थांबून? सारखं न्हाई?" "थांबून थांबून." "एक्सिलेटर दिल्यावर?" "जातं." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि मला बरं वाटलं, कारण त्या आठ्या कामाच्या होत्या.

मग त्यांनी जे केलं ते मी आजही कुणी विचारलं तर तसंच सांगते. रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी जोडली, म्हणजे इंजिन तिच्यावर चालेल. चार्जिंगच्या कॉइलच्या तारा गाडीच्या वायरिंगपासून सोडवल्या. एक छोटा बल्ब घेतला, त्याची एक वायर कॉइलच्या एका तारेला आणि दुसरी नुसती इंजिनाच्या अंगाला टेकवली. "ह्या बल्बनं पेटायचं नसतंय," ते म्हणाले. "कॉइल इंजिनाच्या अंगाला कुठंच लागलेली नसती. ह्यो पेटला तर समज, दुसरी तार आत कुठंतरी उघडी पडून अंगाला लागतीया." मी किक मारली. गाडी चालू झाली. बल्ब पेटला नाही. तात्या बल्बकडं बघत होते. मग तो क्षणभर लाल झाला आणि विझला. पुन्हा लाल झाला, विझला.

आणि मला ठक् ऐकू येत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? आणि त्यांची नजर बल्बवरून हलवून चालणार नव्हती. म्हणून मी त्यांच्या मागं गेले, आणि दर ठक्ला त्यांच्या खांद्यावर बोटानं टोचायला लागले. ठक्, टोच. ठक्, टोच. पाच-सहा वेळा झालं असेल. बल्ब आणि माझं बोट एकाच वेळी. तात्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी हात मागं करून माझं बोट धरलं, तसंच धरून ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं गाडी बंद केली.

"चेन," ते म्हणाले. "चेनच तारंला मारतीया. म्हनून बॅटरी भरत न्हाई."

आम्ही डावं पायदान आणि ब्रेकचा दांडा काढला, खाली परात ठेवली आणि मधला मोठा नट सोडला. कव्हर हातात आलं आणि तेल परातीत पडलं. तेलात बोट फिरवलं तर जरीसारखी चमक होती. कॉइलमागून बाहेर जाणाऱ्या दोन तारांपैकी एकीचं आवरण बोटभर खरवडून गेलं होतं आणि आतलं तांबं चेनीनं घासून इतकं लखलखीत केलं होतं की नव्या भांड्यासारखं दिसत होतं. तात्यांनी प्लग काढला आणि मला किक हातानं हळूहळू फिरवायला सांगितली. ते चेन वर उचलून बघत होते. एका ठिकाणी जेमतेम एक बोट हलत होती. अजून फिरवली, आणि तिथं दोन बोटं हलली. चेन सगळीकडं सारखी झिजली नव्हती. दोन्ही वेळा तात्यांनी भोकातून बोट घातलं होतं ते नेमकं घट्ट जागी पडलं होतं. पूर्वी त्यांना तेवढं बघणं पुरायचं, कारण बाकीचं कानानं कळायचं. आता कानानं काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी पुढं फिरवून बघितलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि त्यांना सगळं कळलं होतं.

चेन पुण्याहून यायला दोन दिवस लागले. डॉक्टरांना मी घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तात्यांना म्हणावं, मीही तोंड फिरवून बोललो." भला माणूस. ते दोन दिवस त्यांनी एसटीनं काढले. नवी चेन क्लच आणि पुढच्या दातेरी चाकासकट एकदमच सरकवावी लागते, ती आम्ही दोघांनी मिळून बसवली. चेनीखालची पट्टी वर घेऊन ताण दिला, पण या वेळी तात्यांनी मला इंजिन दहा वेळा फिरवायला लावलं आणि दहाही ठिकाणी बोट घालून बघितलं. तारेवर नवी नळी चढवली, ती चेनीपासून लांब, पत्र्याच्या चापाखाली दाबली. मॅग्नेट आणि कॉइल यांच्यामध्ये सगळीकडून सारखी फट हवी, एका बाजूला टेकलं की खरवडतं. ती मोजायला तात्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेची पट्टी कापली आणि गोल फिरवत नेली. "जाड कागद हाय. तिच्या सासऱ्यांनी खर्च केलता," ते म्हणाले, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. तेल भरलं, गाडी चालू केली. बल्ब काळाच राहिला. तारा जोडल्यावर हेडलाइटवरच्या मीटरचा काटा उजवीकडं, भरण्याच्या बाजूला गेला आणि तिथं थरथरत राहिला.

तात्यांनी हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल. घाटघरला जायचंय."

मी डॉक्टरांना सांगून आले आणि हिरव्या गाडीवर त्यांच्या मागं बसले. आपटाळ्याच्या अलीकडं अरुंद रस्त्यावर मागून एसटी आली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, वाजवतच होता, आणि तात्या रस्त्याच्या मधोमध निवांत चालले होते. मी त्यांचा खांदा धरून डावीकडं ढकलला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली. एसटी शिव्या देत गेली. या माणसानं दीड वर्ष अशा गाड्या चालवून बघितल्या होत्या.

वर भात निघाला होता. खाचरांत नुसती खोडं उरली होती आणि दारोदार पेंढ्याच्या गंजी. हिराबाईंचं घर गावाच्या कडेला. चाळिशीच्या असतील, काटक बाई. अंगणात नाचणी पाखडत होत्या. शेजारच्या दोघी-तिघीही सुपं घेऊन होत्या. गोठ्यात एक बैल आणि एक रिकामा खुंटा. तात्या अंगणात उभे राहिले आणि बसा म्हणायच्या आत बोलले. "बाई, डाक्टरांची गाडी माझ्या हातची व्हती. मला ऐकू येत न्हाई, नि मी कुनाला सांगितलं न्हाई. म्हनून बिघाड राह्यला. म्हनून तुमची म्हस गेली."

सुपं थांबली. हिराबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग खाली मान घालून नाचणीत हात फिरवत बोलल्या, "सकाळधरनं अडली व्हती. आमी सगळी वाटंकडं कान लावून व्हतो. आता सांगून काय म्हस उठनार हाय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या खाली बघून बोलल्या होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. "काय म्हनल्या?"

मी सुपांकडं बघायला लागले. त्यांनी माझं मन ओळखलं. "शकू, जसंच्या तसं सांग."

मग मी त्या अंगणात, त्या सगळ्या बायकांसमोर, माझ्या बापाच्या तोंडापुढं तोंड नेऊन ओरडले, "आता सांगून म्हैस उठणार आहे का, म्हणतात." माझा आवाज मलाच परका वाटला. कुठल्या तरी दारातून एक म्हातारा बाहेर आला.

"न्हाई उठनार," तात्या म्हणाले. आणि तसेच उभे राहिले.

हिराबाई सूप खाली ठेवून उठल्या, आमच्यासमोर आल्या आणि या वेळी तात्यांच्या तोंडाकडं बघून, सावकाश, मोठ्यानं बोलल्या. "माझ्या सासऱ्याला दिसत नव्हतं. दोन वरसं त्यानं कुनाला कळूच दिलं नाय. एक दिस रानातनं येताना कड्याच्या अंगाला गेला. माझ्या नवऱ्यानं धोतराचा सोगा धरला म्हनून वाचला. मंग रडला लहान पोरागत. तवा तू मला एकलीला सांगून नको जाऊस. खाली जाऊन समद्यांस्नी सांग."

तात्यांना ते सगळं कळलं. मला काहीच ओरडावं लागलं नाही. त्यांनी मान हलवली. हिराबाई आत गेल्या आणि गुळाचा काळा चहा घेऊन आल्या. आम्ही तो उभ्यानंच प्यायलो. निघताना त्यांनी मला नाचणीचं पुडकं दिलं. मी नको म्हणत होते तर म्हणाल्या, "घे गं. माझ्या दारातनं कोन रिकामं गेलं नाय." ते पुडकं घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात पुन्हा क्वचितच वाटली असेल.

गाडीशी आल्यावर तात्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी अंगणात आणि मैदानात गाडी फिरवली होती, रस्त्यावर कधीच नाही. पंजाबी ड्रेसमधली मुलगी इतकी जड गाडी चालवतेय हे तेव्हा जुन्नरच्या पेठेतून कसं दिसलं असतं ते मला माहीत होतं. तात्यांनाही माहीत होतं. "मागनं एसटी आली तर मला कळत न्हाई," ते म्हणाले, आणि मागं बसले.

उतार संपून रस्ता जरा सपाट झाला. गाडी छान लागली होती. मागून तात्यांचा आवाज आला, "शकू, कशी वाजतीया?"

मी पुढं बघून कितीही ओरडले असते तरी त्यांना कळणार नव्हतं. मी गाडी एका हिरड्याच्या झाडाखाली घेतली, ती तशीच चालू ठेवली आणि सीटवर पूर्ण मागं वळले. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "चेन गप्प आहे. टॅपेट बारीक वाजतंय, पण सारखं वाजतंय. आणि मागच्या मडगार्डचा एक बोल्ट ढिला आहे, तो खुळखुळतोय."

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "डावा का उजवा?"

मी कान दिला. "डावा."

ते उतरले, खिशातून पाना काढला, चाकाजवळ वाकले आणि बोल्ट आवळला. मग पाना तसाच हातात धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता?"

"आता गेला," मी म्हटलं.